दोरीच्या आत कोण, बाहेर कोण

आदरणीय ताई,
मी ६४ वर्षांचा शेतकरी आहे. माणदेशात राहतो, गावाचं नाव छापू नका. १९८३ साली आम्ही नऊ पोरांनी गावात युवक मंडळ काढलं. पुढच्याच वर्षी यात्रेत खिलार जनावरांचं प्रदर्शन भरवलं. २०१३ आणि २०१९ ला जनावरं छावणीत होती, मग करोना आला, मग जनावरांचा लम्पी रोग. ती वर्षं सोडली तर खंड नाही. यंदा पोरांनी बैठक घेऊन मला 'मार्गदर्शक' केलं आणि शाल दिली. आता दोन दिवसांतला अर्धा दिवस जनावरांना, बाकी वेळ ट्रॅक्टरवाले, ठिबकवाले, रात्री ऑर्केस्ट्रा. कहर म्हणजे 'यात्रेचा राजा' कोणता बैल, ते मोबाईलवर मतं घेऊन ठरणार. माझ्या बरोबरीचे म्हणतात, आपण वेगळं मंडळ काढू, वाडीवर आपलं प्रदर्शन भरवू. मुलगा म्हणतो, बास झालं, आता घरी बसा. घरच्यांनी चाळीस वर्षांत कधी तक्रार केली नाही. मी काय करावं? सोबत १९९१ चा फोटो पाठवतो, तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या खोंडाला पहिला नंबर मिळाला तेव्हाचा.
आपला, गावचा अण्णा

अण्णा,

तुमचं पत्र सात पानी आहे, वर छापलंय ते त्याचं सार. सातातली दोन पानं मंडळ, खुर्ची, शाल आणि पोरांना. उरलेली पाच जनावर कसं बघावं यावर. लिहिताना तुमच्या ध्यानात आलं नसेल, पण मला तुमचं दुखणं त्या वाटणीतच दिसलं. पहिल्या दोन पानांत तुम्ही चिडलेले आहात. पुढच्या पाचांत चिडायचं विसरून गेलात.

पण आधी कडू बोलून घेते. युवक मंडळाचा अध्यक्ष ६४ वर्षांचा. एकदा मोठ्यानं म्हणून बघा. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक म्हणजे १५ ते २९ वर्षांचा. त्याआधीचं २००३ चं धोरण जरा सैल होतं, ते ३५ पर्यंत जायचं. त्या सैल मापानंसुद्धा तुमचं युवकपण १९९६ च्या आसपास आटपलं. ब्रिटनमधल्या यंग फार्मर्स क्लबांत किंवा अमेरिकेतल्या मुलांच्या फोर-एच मंडळांत वयाची अट नियमातच असते. त्या वयाला सभासदत्व संपतं, मग माणूस कितीही कर्तबगार असो. त्यामुळे तिथं जाण्यात अपमान वाटत नाही. वय झालं की माणूस बाहेर पडतो आणि पुढं परीक्षक म्हणून, रिंगणातला कारभारी म्हणून परत येतो. आपल्या मंडळांच्या घटनेत असं कलमच नसतं. मग पायउतार व्हायला एक तर भांडण लागतं, नाही तर तिरडी. पोरांनी शालीवर भागवलं, त्या मानानं सभ्य म्हणायची.

शाल घेतलीत ते बरं केलंत. पण कागदाचं काय? दुसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय की मंडळाची धर्मादायकडे नोंद आहे आणि बँकेत सही अजून तुमचीच चालते. ते 'अजून' मला खटकलं. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं ते कलम २२. तो दिला नाही तर शाल पांघरून तुम्ही घरी, आणि कागदावर अध्यक्ष तुम्हीच. उद्या ऑर्केस्ट्राच्या मंडपाचं बिल थकलं तर मांडववाला कुणाचं दार वाजवेल? आणि सहीसाठी दर वेळी पोरांना तुमच्या दारात यावं लागणार. खरं सांगा, त्यात थोडी गंमत वाटते ना? ती सोडा. पासबुक, चेकबुक, पावतीपुस्तकं, शिक्का, कपाटाची किल्ली, सगळं एकाच दिवशी द्या. यादी करा, दोन्हीकडच्या सह्या घ्या. थोडं आज, थोडं दिवाळीला, असं नको.

वेगळं मंडळ काढू नका. बरोबरीच्यांना राग येईल, येऊ दे. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून मी २६ वर्षं काढली. एका गावात दोन मंडळं झाली की पहिली तीन वर्षं दोन्ही जोरात चालतात, ती एकमेकांच्या ईर्षेवर. नंतर दोन्ही थकतात. जनावरांच्या बाबतीत तर हे आणखी लवकर होतं. वळू सांभाळणं किती खर्चाचं आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. तो पाळणारा माणूस त्याला प्रदर्शनात आणतो कारण पंचक्रोशीची नजर एका जागी गोळा झालेली असते. तिथं नाव झालं तर वर्षभर लोक गाई भरवायला त्याच्या गोठ्यावर येतात. ती नजर तुम्ही यात्रेत अर्धी आणि वाडीवर अर्धी केलीत, तर तो कशाला येईल? तो सांगोल्याच्या बाजाराला जाईल, खरसुंडीला जाईल. तुमची दोन्ही रिंगणं रिकामी.

आता पोरांकडून थोडं बोलते. तुमच्याच पत्रात पाचव्या पानावर अर्धी ओळ आहे, 'लम्पीत पोरं डॉक्टरबरोबर गोठ्यागोठ्यांत फिरली'. अर्धीच ओळ. सप्टेंबर २०२२ मध्ये बाजार, यात्रा, प्रदर्शनं बंद झाली, तेव्हा जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. बुजणारी जनावरं धरायची, मालकाला समजवायचं, माश्या-गोचिडांसाठी गोठे फवारायचे. त्या वर्षी प्रदर्शन झालं नाही, पण मंडळानं केलेलं सगळ्यात मोठं काम कदाचित त्याच वर्षीचं. ती पोरं तुमच्याच मंडळातली. आणि स्टॉलवाल्यांवर तुमचा इतका राग का? मंडपाचं भाडं तेच भरतात हे तुम्हीच लिहिलंय. आपले पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांनी डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, तेव्हा थेट अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनाला होते. पापळसारख्या खेड्यातून आलेल्या त्या माणसाला चांगलं ठाऊक होतं की लोक बघायला येतात झगमगाट, आणि आलेच आहेत तर एखादी उपयोगाची गोष्ट घेऊन जातात. ऑर्केस्ट्रा मलाही आवडत नाही. पण तो रात्री आहे. बैल तेव्हा झोपलेला असतो, तुम्हीही झोपा. फक्त भोंग्यांची तोंडं दावणीकडं नसावीत एवढं सांगून ठेवा. ते पोरं ऐकतील.

एका गोष्टीवर मात्र मागं हटू नका. मोबाईलवरची मतं.

का, ते सांगते. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. नोकरीत असताना एका प्रदर्शनाला मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. गाव सांगत नाही. बरोबर दोन पशुवैद्य होते. आम्ही रिंगणात उतरायच्या आधीच एक माणूस चहाच्या कपाबरोबर घडी घातलेली चिठ्ठी देऊन गेला. तीत तीन नावं, क्रमानं. आम्ही जनावरं बघितली, दात बघितले, मापं घेतल्यासारखं केलं आणि चिठ्ठीतली नावं जाहीर केली. सही मीही केली. परत निघताना एक म्हातारा आपली गाय घेऊन रस्त्यानं चालला होता. आम्ही जीप थांबवली नाही, पण त्यानं हात वर करून थांबवायला लावली आणि एवढंच विचारलं, "बाई, हिच्यात काय कमी पडलं ते सांगा, पुढच्या वर्षी सुधारतो." मला काही सांगता आलं नाही. कमी काहीच नव्हतं. डावा मागचा पाय जरा आत पडतो असं काहीतरी खोटं बोलले. तो खाली वाकून त्या पायाकडं बघत राहिला.

मोबाईलच्या मतात चिठ्ठी नसेल, पण त्या म्हाताऱ्याला उत्तर तिथंही नाही. ज्याचे भाऊबंद जास्त, ज्याची रील जास्त फिरली, त्याचा बैल राजा. दुसरं असं की बैलगाडा शर्यतींनी वारं फिरवलंय. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा खोंडांना कुणी विचारत नव्हतं. डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला, आणि पळणारा खोंड एकदम सोन्याचा झाला. शर्यतीमुळं खिलार टिकेल म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. पण शर्यतीत गाय नसते. तिचा फोटो स्टेटसला कोण ठेवतं? गाईला आणि कालवडीला बक्षीस मिळतं ते प्रदर्शनातच, आणि तेही तिच्याकडं नीट बघणारा कुणी असेल तरच. मतं घेतलीत तर कालवडीचा गट दोन वर्षांत बंद पडेल. म्हणून पोरांना सांगा, मतं घ्यायचीत तर घ्या, त्याचं 'लोकांची पसंती' म्हणून निराळं बक्षीस ठेवा. रिंगणातला पहिला मात्र परीक्षक ठरवतील, परीक्षक तालुक्याबाहेरचे असतील, आणि निकालाबरोबर कारण माईकवर सांगतील. प्रत्येक गटात, पहिल्याचं आणि शेवटच्याचंही.

आणि तो परीक्षक तुम्ही नव्हे. हे वाचून तुम्ही चष्मा काढला असेल. आपल्याच गावात निकाल देणारा माणूस एक तर शत्रू करतो नाही तर सोयरे जपतो. तुमच्यासाठी माझ्या डोक्यात दुसरं काम आहे, आणि ते तुमच्या त्या पाच पानांवरूनच सुचलं.

तुम्ही लिहिलंय, 'जनावर तोंडाकडून बघायला सुरुवात करू नये, तोंड बघितलं की माणूस भुलतो. आधी मागून चालताना बघावं. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडतो का बघावं. मग बाजूनं पाठीची रेघ, वशिंड, गळ्याखालची पोळी. शेवटी डोकं. शिंगं साळून हिंगूळ लावलेला असेल तर शिंगांकडं बघूच नये, ती मालकाची कला.' आणि दातांचं. शाळेतल्या एका पोरानं बैलाचा वरचा ओठ उचलला आणि ओरडला, अण्णा, ह्याला दातच नाहीत! वरच्या हिरडीला पुढं दात नसतातच, खालचा ओठ ओढून बघायचं असतं. आदत म्हणजे दुधाच्या दातांचा कोणता, दोन दाती कोणता, सगळे दात येऊन जुळलेला कोणता, हे तुम्ही त्याला अंगठ्यानं दाखवलंत. ते वाचताना मी एकटीच हसत होते.

हे तुमच्या गावात आज किती जणांना येतं? तुम्ही, तुमच्या बरोबरीचे तिघं-चौघं आणि दोन दलाल. दलाल शिकवणार नाहीत, त्यांचा धंदा रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यावर चालतो.

१९०२ साली अमेरिकेत ओहायोतल्या क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या शिक्षकानं शाळेतल्या पोरांचं मंडळ काढलं. पोरांनी मक्याच्या चाचण्या घ्यायच्या, मातीची परीक्षा करायची. फोर-एच तिथून उगवलं. त्या काळी कृषी विद्यापीठांतून नवं बियाणं, नव्या पद्धती येत होत्या आणि मोठी माणसं त्यांच्याकडं ढुंकून बघत नव्हती. पोरांनी आपल्या वाफ्यात करून दाखवलं, तेव्हा बापांनी बांधावर येऊन बघितलं. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या हेमिऑकला १९२१ साली पहिला क्लब निघाला तो वासरं वाढवण्याचा. तिथल्या दूध कारखान्याला चांगलं दूध हवं होतं, म्हणून पोरांच्या हाती वासरं दिली. दोन्हीकडं मोठ्यांना शिकवायची वाट पोरांवरून गेली.

त्या क्लबांत आजही एक स्पर्धा असते, ती तुम्ही उचला. चार जनावरं उभी करतात. ब्रिटनमध्ये त्यांना ए, बी, एक्स आणि वाय अशी अक्षरं देतात, म्हणजे आकड्यावरून कुणाचं मन पहिल्या-दुसऱ्याकडं झुकायला नको. पोरांनी ती बघायची, न बोलता क्रम लावायचा आणि मग परीक्षकासमोर उभं राहून कारणं सांगायची. गुण क्रमाला असतात, तसे कारणांनाही. क्रम चुकला तरी कारण पटण्यासारखं असेल तर पोरगं रिकाम्या हातानं जात नाही. तुम्ही अक्षरांऐवजी चार रंगांची फडकी बांधा. गट कालवडींचा घ्या, पोरांच्या अंगावर येणार नाहीत आणि कालवडीची किंमतही वाढेल. आठवी ते बारावीची पोरं घ्या, आणि पोरी. पोरी निम्म्या असल्याच पाहिजेत, गोठ्यात शेण कोण काढतं ते आपल्याला माहीत आहे. तयारी आत्तापासून, दर मंगळवारी एका गोठ्यावर. मालक आधी नाही म्हणेल. मग त्याचीच नात यायला लागली की चहा करेल.

यात्रेच्या दिवशी पोरं दोरीच्या आत, तुम्ही बाहेर. तोंड बंद. एखादी पोरगी भलत्याच कालवडीला पहिला नंबर देईल, तुमचा हात दोरीवर आवळला जाईल. तरी गप्प. चुकली तर मंगळवारी विचारा, का म्हणून. चाळीस वर्षं मंडळ चालवलेल्या माणसाला हे दोन मिनिटांचं गप्प बसणं फार जड जाणार आहे, मला ठाऊक आहे.

अजून एक काम आहे, आणि ते पावसाळ्याच्या आत करा. १९८४ पासूनच्या तुमच्या वह्या. कुठल्या खोंडाचा बाप कोण, आई कुणाच्या गोठ्यातली, दात किती, रंगानं कोसा की काजळी, हे सगळं तुम्ही लिहून ठेवलंय असं म्हणता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडं खिलार ही जात म्हणून नोंदलेली आहे, पण जात नोंदली म्हणजे तुमच्या पंचक्रोशीतली वंशावळ नोंदली असं होत नाही. ती फक्त तुमच्या वह्यांत आहे, आणि वह्या माळ्यावर आहेत, आणि माळ्यावर उंदीर आहेत. हे सगळं तुमचंच लिहिणं. ज्या पोरानं मोबाईलवर मतांचं काढलंय ना, त्यालाच बोलवा. पानन् पान फोटो काढायला सांगा. त्याला ते जमतं, आणि तुम्हाला अक्षर लागतं. दोघं एका सतरंजीवर बसलात की निम्मं भांडण तिथंच संपेल.

मुलाला सांगा, घरी बसतो, मंगळवार सोडून. त्याचं एवढ्यावर भागेल. तुम्ही संपून जाल अशी त्याला भीती आहे, मंडळाशी त्याचं वैर नाही.

इतकी वर्षं यात्रा आली की तुम्ही गावातच अडकलेले, म्हणून दुसऱ्यांची प्रदर्शनं धड बघितली नसतील. आता बघा. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाला जा, लाल कंधारी आणि देवणी डोळे भरून बघा. अकोले तालुक्यात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगीच्या कातडीवरून हात फिरवा, बोटांना तेलकट लागेल. म्हणून तर तिकडच्या धो-धो पावसात ते जनावर टिकतं. तुमच्या कोरड्या मुलखातल्या खिलारला असलं काही लागत नाही. दोन्ही जातींना एकाच मापानं का मोजू नये, हे मंगळवारच्या पोरांना तिथून आल्यावर सांगा. आणि एकटे जाऊ नका.

म्हणजे आता वहिनींवर येते. 'घरच्यांनी चाळीस वर्षांत कधी तक्रार केली नाही.' सात पानांत त्यांच्यावर ही एवढीच ओळ. तक्रार केली नाही की तुम्ही विचारलं नाही? यात्रेच्या आदल्या रात्री परीक्षक, पाहुणे, मांडववाले जेवायला कुणाकडं असत? तुम्ही तालुक्याला चकरा मारत होतात तेव्हा तुमच्या गोठ्यातल्या जनावरांना पाणी कोण दाखवत होतं? आज रात्री जेवण झाल्यावर त्यांना विचारा, मी मंडळ सोडलं तर तुला काय वाटेल. मग थांबा. लगेच 'काही नाही' म्हणतील. तरीही थांबा.

आणि तुम्ही पाठवलेला फोटो. ढाल तुमच्या हातात आहे, फेटा छान बसलाय, खोंड खरंच देखणा आहे, मला त्यातलं फारसं कळत नाही तरी. पण कासरा तुम्ही धरलेला नाही. तो धरणारा हात फोटोच्या उजव्या कडेला मनगटापर्यंतच आलाय, पुढचं कापलं गेलंय. मनगटात हिरव्या बांगड्या आहेत. दोन फुटलेल्या असाव्यात, कारण तेवढी जागा मोकळी दिसते. एवढा मस्तीतला खोंड, गर्दीत, वाजंत्रीत, त्या हाताजवळ मान खाली घालून उभा आहे.

मंगळवारी गोठ्यावर पोरांना जनावर धरायला कुणी शिकवावं, हे मी वेगळं लिहीत नाही. त्या फोटोची न कापलेली प्रत कुठं असेल तर मला पाठवा.

तुमची,
ताई